पुंगळ्यांचा हिशेब

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक हवालदार राहायचे. जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलीत ते बरेच दिवस घरी आलेच नाहीत. आले तेव्हा दाढी वाढलेली, आवाज बसलेला, आणि कुणाशी बोलायची इच्छा नसलेली. त्या दिवसांबद्दल ते बोलले ते निवृत्तीनंतर, तेही एकदाच. गोळीबार संपला की पहिलं काम काय, तर पुंगळ्या शोधणं. बंदोबस्ताला निघताना किती राऊंड घेतले, किती झाडले, किती परत आणले, सगळ्याची नोंद. झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी जमा करायची. रस्त्यावर काचा, विटा, जळते टायर, आणि त्यात वाकून पुंगळ्या वेचणारी माणसं. मी विचारलं, ‘काका, आणि गोळी का झाडली, हे कोण विचारतं?’ ते म्हणाले, ‘ते साहेब लिहितात.’ ‘तुम्हाला कुणी विचारलं?’ त्यावर ते नुसते हसले.

महाराष्ट्रात कुठेही दंगल झाली, लाठीमार झाला, जमाव पोलिसांवर चालून गेला किंवा पोलीस जमावावर, की दुसऱ्या दिवशी जो वाद सुरू होतो तो ऐकताना मला ते हसू आठवतं. आंतरवाली सराटीचा लाठीमार झाला, परभणीचा हिंसाचार झाला, नागपूरच्या महाल भागातली दंगल झाली. वादाचा साचा तोच. एक पक्ष म्हणतो, चौकशीची भाषा करू नका, पोलिसांचं मनोबल खचतं. दुसरा म्हणतो, चौकशी कसली करता, गुन्हे दाखल करा, निलंबित करा. पहिल्याला चौकशी म्हणजे आरोप वाटतो, दुसऱ्याला ती पांघरूण वाटते. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पोलिसांच्या कामाचा आढावा घ्यायचा तो कुणालातरी दोषी किंवा निर्दोष ठरवण्यासाठीच. मला ही मुळातली चूक वाटते. माणसं मरतात अशा प्रत्येक अशांततेनंतर शहराच्या पोलीस दलानं काय केलं, कधी केलं, कुणाच्या हुकमानं केलं, याचा ठरलेल्या मुदतीत, दलाबाहेरच्या माणसांकडून आढावा झाला पाहिजे आणि तो छापून लोकांपुढे आला पाहिजे. गुन्ह्याचा तपास वेगळा, खात्याची शिस्त वेगळी, हा आढावा वेगळा. ज्या दिवशी पोलिसांनी उत्तम काम केलं त्या दिवसाचाही तो व्हावा.

हे नाही तर आपण काय करतो? बदली करतो. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानावर आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधार्थ सभा भरली होती. तिचं दंगलीत रूपांतर झालं. वाहिन्यांच्या गाड्या जाळल्या गेल्या, अमर जवान स्मारकाची विटंबना झाली, महिला पोलिसांवर हात टाकले गेले. पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यात बहुतेक पोलीसच. दोन माणसं मेली. मुंबईचे पोलीस आयुक्त अरूप पटनाईक यांनी त्या दिवशी संयम ठेवला. सरसकट गोळीबार केला असता तर शहर पेटलं असतं, ही त्यांची बाजू. हातात लाठी असून मार खावा लागलेल्या शिपायांची बाजू अर्थातच निराळी होती, आणि ती समजून न घेण्याइतकं कुणी निर्दय असू नये. पुढे काय झालं? मोर्चा निघाला, राजीनाम्याची मागणी झाली, आणि २३ ऑगस्टला बढतीच्या नावाखाली आयुक्त हलवले गेले. विषय मिटला. त्यांचा संयम बरोबर होता की चूक? गर्दीचा अंदाज चुकला, की अंदाज बरोबर असून बंदोबस्त कमी पडला? जमाव बिथरतोय हे लक्षात आल्यापासून जादा तुकड्या पोचेपर्यंत किती मिनिटं गेली? यातल्या एका तरी प्रश्नाचं सरकारी शिक्क्याचं, लोकांना वाचता येईल असं उत्तर आज मिळतं का? त्यानंतर या शहराला अनेक आयुक्त मिळाले. तशीच संध्याकाळ आली तर त्यांनी काय करायचं, याचा त्या बदलीतून निघणारा धडा एवढाच की खुर्ची जाते. संयमानं जाते की संयमाच्या अभावानं, हे तेव्हाच्या हवेवर अवलंबून. १९९३ च्या जानेवारीअखेरही आयुक्त श्रीकांत बापट जाऊन अमरजितसिंग सामरा आले होते. पुढे मुख्यमंत्रीही बदलले. बदलीचं हे औषध जुनं आहे, आणि ते दर वेळी लोकांचा राग उतरवण्यापुरतंच कामाला येतं.

आता १९९२-९३ कडे वळतो, कारण आढावा म्हणजे काय असू शकतो आणि त्याचं काय केलं जातं, दोन्ही तिथे दिसतं. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत नऊशे माणसं मेली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांची धर्मानुसार विभागणी आहे, आणि वादात तीच सतत फेकली जाते: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. मला त्याच्या शेजारची दुसरी विभागणी जास्त अस्वस्थ करते. मृत्यू कशानं झाले? भोसकून ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या मारहाणीत ८०. आणि पोलिसांच्या गोळीबारात ३५६. म्हणजे त्या दोन महिन्यांत या शहरात माणसं मरण्याचं सर्वांत मोठं एकेरी कारण पोलिसांची गोळी हे होतं. सुऱ्यापेक्षाही मोठं.

हा आकडा ऐकला की एक जण म्हणतो, बघा, पोलिसांनीच मारलं. दुसरा म्हणतो, तेवढं मारलं म्हणून भोसकलेले ३४७ वर थांबले, नाहीतर तीन हजार झाले असते. दोघंही आकड्यातून आपल्याला हवं ते काढतात, कारण ३५६ हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. सांगतात ते प्रसंग. अमुक नाक्यावर जमाव किती अंतरावर होता, समोर कोण होतं, इशारा दिला का, अश्रुधूर होता का, हुकूम कुणी दिला, गोळी कमरेखाली लागली की छातीत, पळणाऱ्याला पाठीत लागली का? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी नेमकं हे किचकट काम केलं. पोलीस ठाण्यांच्या हद्दी एकेक घेऊन, नोंदी आणि साक्षी ताडून पाहिल्या. म्हणूनच त्या अहवालात सरसकट शिक्का नाही. डिसेंबरात कुठे गोळीबार अतिरेकी झाला, हे त्यात आहे. जानेवारीत जमाव घरं जाळत असताना पोलीस कुठे बघत उभे राहिले, हेही आहे. मुसलमानांविषयीचा दलातला पूर्वग्रह त्यात आहे. आणि दुबळं राजकीय नेतृत्व, त्याची चालढकल आणि आयुक्तांना मिळालेले परस्परविरोधी हुकूम यांमुळे खालपर्यंत गोंधळ कसा झिरपला, तेही आहे. अतिरेक आणि निष्क्रियता हे दोन वेगळे दोष. एकाच दलाच्या हातून, एकाच शहरात, काही आठवड्यांच्या अंतरानं ते दोन्ही घडू शकतात, एवढी साधी गोष्टसुद्धा कुणीतरी बसून कागद चाळल्याशिवाय कळत नाही.

या अहवालाचं पुढे काय झालं ते माहीत असेल, पण तारखा पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. सुधाकरराव नाईकांच्या सरकारनं जानेवारी १९९३ मध्ये आयोग नेमला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारनं तो गुंडाळला. अटलबिहारी वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या पंतप्रधानकीत त्यांनी सुचवल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा उभा केला, मात्र मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट त्याच्या कक्षेत जोडून. अहवाल सादर झाला १६ फेब्रुवारी १९९८ ला. चौकशी आयोग कायद्यानुसार तो सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. ठेवला गेला मुदत संपत आली तेव्हा, ऑगस्टमध्ये, आणि सोबत तो हिंदूविरोधी असल्याचा सरकारी शेराही आला. पुढचं सरकार अहवाल राबवण्याचं वचन देऊन आलं. त्यानं विशेष पथक नेमलं आणि त्यातून जवळपास काही निघालं नाही. तेराशेहून अधिक गुन्हे ‘ए समरी’ होऊन फायलीत गेले होते. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये, घटनेला तीस वर्षं होत असताना, सर्वोच्च न्यायालयानं बेपत्ता माणसांच्या राहिलेल्या कुटुंबांना भरपाई द्या, निद्रिस्त पडलेले ९७ खटले हलवा आणि पोलीस सुधारणेच्या शिफारशी अमलात आणा, असा आदेश दिला. तीस वर्षं. तेव्हा भरती झालेला शिपाई एव्हाना निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे. हेच जर आयोगाचं फलित, तर आणखी आढावे कशाला? भीमा कोरेगावचा आयोग २०१८ पासून मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिला, ते काय कमी आहे? या देशात आयोग नेमणं म्हणजे प्रश्न थंड होईपर्यंत तो शीतकपाटात ठेवणं, हे शाळकरी मुलालाही कळतं. मला हे पूर्ण मान्य आहे. किंबहुना दोष कायद्याच्या घडणीतच आहे. १९५२ चा चौकशी आयोग कायदा न्यायाधीश बसवतो, वकील उभे करतो, उलटतपासणी घडवतो, ज्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल त्याला नोटीस देतो. म्हणजे न्यायालयाचा सगळा फापटपसारा, फक्त निकालाचा अधिकार नाही. या आयोगांचं मत हे मतच, त्याला अंमलबजावणीचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्येच सांगून टाकलं. तो खटलाही न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या आयोगावरून उद्भवला होता. तेव्हा खटल्याचा वेळ आणि अहवालाची ताकद, असं दोन्हीकडचं वाईट आपण एकत्र केलं आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘आढावा नको’ हा नाही. आढावा खटल्याच्या वेशात नको, एवढाच तो आहे.

आणि तो वेगळ्या वेशात होऊ शकतो, हे याच राज्यानं दाखवलंय. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सरकारनं राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन या दोघांची समिती नेमली. एक माजी केंद्रीय गृहसचिव, दुसरे पोलीस आणि गुप्तचर सेवेतले. तो दहशतवादी हल्ला होता, दंगल नव्हे, हे खरं. पण प्रश्न तोच होता: शहराच्या पोलिसांनी कसा प्रतिसाद दिला? समितीनं साधारण चार महिन्यांत अहवाल दिला. शिपायांच्या शौर्याला त्यात जागा मिळाली आणि वरच्या नेतृत्वातल्या उणिवाही लिहिल्या गेल्या. उलटतपासणी नाही, वकिलांची फौज नाही. सरकारनं तो अहवाल लोकांपुढे ठेवायला बरीच खळखळ केली ही गोष्ट निराळी. प्रसिद्धीची सक्ती का हवी याचं तेच उदाहरण. चार महिन्यांत जमतं. मग दंगलीबाबतच का जमत नाही? मला वाटतं, दहशतवादी हल्ल्यात मारणारा बाहेरचा असतो म्हणून आपण आपल्या पोलिसांच्या चुका धीटपणे बघू शकतो. दंगलीत मारणाराही आपला आणि मरणाराही आपला. तिथे आढावा म्हणजे आरसा.

दुसरा आक्षेप पोलीस अधिकारी खाजगीत नेहमी घेतात. खुर्चीत बसून, चहा पीत, चार महिन्यांनी शहाणपण सांगणं सोपं असतं; आम्हाला दहा सेकंदांत ठरवायचं होतं, समोरून बाटल्या येत होत्या. यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. कायद्यानं तर हा निर्णय किती खाली ठेवलाय पाहा. बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२९ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १४८, दंडाधिकाऱ्याबरोबरच पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला आणि तो हजर नसेल तर उपनिरीक्षकालाही आहे. म्हणजे पंचविशीतला, नाशिकच्या अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा. त्याच्या दहा सेकंदांना चार महिन्यांनी फूटपट्टी लावणं अन्यायाचं ठरेल. पण मग प्रश्न असा: त्याच्यावर ही वेळ आणली कुणी? त्याच्याकडे बंदूक होती आणि ढाल का नव्हती? अश्रुधूर कुठे होता? सकाळी गुप्तवार्ता मिळूनही दुपारपर्यंत राखीव दल का हललं नाही? त्याला जमावासमोर उभं राहण्याचा सराव शेवटचा कधी दिला होता? हे निर्णय दहा सेकंदांत घेतलेले नसतात. ते दहा महिन्यांत, दहा वर्षांत, वातानुकूलित खोलीत घेतलेले किंवा टाळलेले असतात. आढाव्याची खरी जागा तिथे आहे. आणि आढावा झाला नाही की सगळा भार त्या दहा सेकंदांवर आणि त्या मुलावर येऊन पडतो.

रेल्वेचं उदाहरण बघा. गाडी रुळावरून घसरली की चौकशी करतो तो रेल्वे सुरक्षा आयुक्त, आणि तो रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. ज्याची गाडी, त्यानंच अपघाताचं कारण ठरवू नये, हा साधा विचार इंग्रजांच्या काळापासून रुजत आलेला. या चौकशीनं मोटरमनचं मनोबल खचतं असं कुणी म्हणत नाही. उलट सिग्नल बिघडला होता, रूळ झिजला होता, हे बाहेर आलं तर सुटतो तो मोटरमनच. पोलिसांच्या बाबतीत मात्र ज्यांची गोळी, त्यांचीच पुंगळी आणि त्यांचाच अहवाल.

रमाबाई नगरची गोष्ट यासाठी आठवायला हवी. ११ जुलै १९९७, घाटकोपर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी झाडावी लागली, ही खात्याची बाजू. या गोळीबाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगानं तपासलं आणि हा बचाव टिकला नाही. २००९ मध्ये, बारा वर्षांनी, एका उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली. पुढे अपिलात जामीनही झाला. मनोबलाची काळजी करणाऱ्यांनी या प्रसंगाकडे जरा निराळं बघावं. टँकरची कहाणी खरी की खोटी, हे घटनास्थळाच्या पाहणीतून काही आठवड्यांत ठरू शकत होतं. ते तसं ठरलं असतं तर वस्तीला सत्य मिळालं असतं, आणि सगळ्या साखळीतला एकच माणूस शेवटी पिंजऱ्यात उभा राहिला, बाकीची साखळी अंधारात राहिली, असंही झालं नसतं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण ‘आढावा म्हणजे पांघरूण, आम्हाला खटलेच हवेत’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद तितकाच आहे. त्यांचा अनुभव खोटा नाही. सरकारी कर्तव्यावरच्या कृत्यांसाठी खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते, आणि ती परवानगी वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहते. तरीही, खटला काय सिद्ध करू शकतो याची मर्यादा ओळखायला हवी. ९ जानेवारी १९९३ ला सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस घुसले आणि आतली नि:शस्त्र माणसं मारली गेली. श्रीकृष्ण आयोगानं या कारवाईवर कडक ताशेरे ओढले. कारवाईचे प्रमुख रामदेव त्यागी पुढे आयुक्त झाले, निवृत्त झाले, आरोपी झाले आणि २००३ मध्ये दोषमुक्त झाले. वरच्या न्यायालयांनीही ते कायम ठेवलं. न्यायालयासमोरचा प्रश्न होता, या व्यक्तीविरुद्ध खुनाचा खटला चालवण्याइतका पुरावा आहे का. शहरासमोरचा प्रश्न होता, बेकरीत अतिरेकी दडलेत या माहितीवर असा छापा घालणं योग्य होतं का, माहिती कुणी तपासली, आत शिरल्यावर कुणाचं नियंत्रण होतं. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसरा प्रश्नच आपण बंद केला. गुन्हा आणि उत्तम कामगिरी यांच्या मधे निष्काळजीपणा, घबराट, अज्ञान, पूर्वग्रह, वाईट नियोजन असं मोठं रान पसरलेलं असतं. फौजदारी कायदा त्या रानात शिरत नाही, आणि बहुतेक माणसं तिथेच मरतात.

याचा सर्वांत दुखरा पुरावा नागपूरला आहे. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघालेला, अधिवेशन चालू, मोर्चा अडवलेला, लाठ्या फिरल्या, माणसं मागे रेटली गेली. ११४ मेले, त्यात बाया आणि पोरं किती तरी. एकही गोळी झाडली गेली नाही. जमा करायला एकही पुंगळी नव्हती. हजारोंच्या मोर्चाला पाणी द्यायचं, निवेदन घ्यायला कुणीतरी बाहेर यायचं, मागे सरकायला वाट मोकळी ठेवायची, अडथळे कुठे उभे करायचे आणि कुठे नाहीत: हे सगळं जमाव हाताळण्याचं शास्त्र आहे, आणि ते त्या संध्याकाळी कुठेच नव्हतं. यात खुनी शोधाल तर सापडणार नाही. मग काय, झालं ते दैवानं झालं?

‘चौकशी मागतो तो पोलिसांचा वैरी’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसांना तर मला आपलाच इतिहास दाखवायचा आहे. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, शहर रस्त्यावर आलं आणि मोरारजींच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. महाराष्ट्रानं तेव्हा काय मागितलं? न्यायालयीन चौकशी. ती नाकारली गेली. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा लोकसभेत जी कारणं सांगितली, त्यांत ही नाकारलेली चौकशीसुद्धा होती. आय.सी.एस.मधून आलेला, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला तो गृहस्थ काही दगड मारणारा नव्हता. राज्ययंत्रणा आतून ओळखणाऱ्या माणसाला गोळीबाराची चौकशी ही राज्याची किमान सभ्यता वाटत होती. हुतात्मा चौकात १ मे रोजी फुलं वाहणारे आपण, पुढच्या प्रत्येक गोळीबारात मेलेला कोण आहे ते आधी पाहतो आणि मग चौकशी हवी की नको ते ठरवतो.

परकीय सत्तेनंही कधीकधी याहून बरं केलं, हे लिहिताना बरं वाटत नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, दंगे नगरपर्यंत पसरले. सरकारनं दंगेखोर पकडले, शिवाय आयोग नेमून कारणंही शोधली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्ज निवारणाचा कायदा आला. चार वर्षांत. विलायतेतच बघायचं तर एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल पेटली. लॉर्ड स्कारमन यांचा अहवाल नोव्हेंबरमध्ये हजर होता. रस्त्यावर सरसकट झडत्या घेण्याच्या पोलिसी मोहिमेनं ठिणगी कशी पडली, हे त्यांनी लिहिलं, आणि १९८४ च्या पोलीसविषयक कायद्याला त्यातून चालना मिळाली. स्कारमन पूर्ण बरोबर होते असं नाही. दल संस्था म्हणून वंशवादी आहे हे त्यांनी मान्य केलं नव्हतं. एका कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावरून १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवालानं ते म्हटलं. पण दुसऱ्याला खोडायला पहिलं काहीतरी लिहिलेलं होतं. आपल्याकडे खोडायलाही काही नसतं.

तिसरा आक्षेप खुद्द पोलीस वस्त्यांतून येतो, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो: हुकूम मंत्रालयातून येतो, फोन आमदाराचा येतो, आणि चौकशी झाली की अडकतो शिपाई. खरं आहे. म्हणूनच आढाव्यात पहिली नोंद हुकमाची हवी. कुठल्या वेळी, कुणी, काय सांगितलं. तोंडी सांगितलं असेल तर ऐकणाऱ्यानं लगेच लिहून ठेवलं का. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना राजकीय दबावापासून सोडवायचे सात निर्देश दिले. आपण त्यातलं तक्रार प्राधिकरण २०१४ च्या दुरुस्तीनं कायद्यात आणलं, पण ते व्यक्तीच्या तक्रारीवर चालतं, घटनेचा आढावा घेणं हे त्याचं काम नाही. आणि शिपायाची बाजू मांडणार कोण? ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईतल्या पोलिसांनीच बंड केलं होतं, हे आता किती जणांना आठवतं? कामाचे तास, घरं, साहेबांच्या घरची कामं अशा साचलेल्या तक्रारी, १५ ऑगस्टला काळ्या फिती, मग संघटनेच्या नेत्यांची धरपकड, आणि १८ तारखेला पोलीस रस्त्यावर, शहरात जाळपोळ, लष्कर पाचारण. संघटनेची मान्यता गेली. तेव्हापासून या शहराच्या शिपायाला आवाज नाही. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात सुरू व्हायला २०१६ उजाडलं. श्रीकृष्ण आयोगानं मात्र १९९८ मध्येच पोलिसांच्या कामाचे तास, घरं आणि साधनं यांबद्दल लिहून ठेवलं होतं. म्हणजे पोलिसविरोधी म्हणून जो अहवाल धुडकावला गेला, त्यातच पोलिसांच्या बाजूनं बोलणारी पानं होती. ती कुणी उघडली नाहीत, कारण अहवाल कुणाच्या बाजूचा एवढंच आपल्याला बघायचं होतं.

भिवंडी याची उलट बाजू दाखवते. १९७० ला दंगल, मादन आयोगाचा सविस्तर अहवाल, तरी १९८४ ला पुन्हा दंगल. नुसत्या अहवालानं काही होत नाही याचा हा पुरावाच म्हणा. पण नंतर तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी गावाचा बारकाईनं अभ्यास केला, मोहल्ल्यामोहल्ल्यात दोन्ही समाजांच्या समित्या बांधल्या, बीटच्या पोलिसाला त्यात बसवलं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईनं मोहल्ला समित्या उभ्या केल्या त्या नऊशे माणसं गेल्यावर. पन्नास किलोमीटरवरचा धडा शहरात यायला एवढी किंमत पडली, कारण एका शहराचा अनुभव दुसऱ्या शहराच्या पोलिसांपर्यंत पोचवण्याचं काम कुणाचंच नव्हतं. अधिकारी बदलला की त्याचं शहाणपण त्याच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये जातं.

तेव्हा मागणी साधी आहे. गोळीबार झाला, जमाव हाताळताना माणूस मेला किंवा दंगल आटोक्यात यायला एक दिवसाहून जास्त लागला, तर आढावा आपोआप सुरू व्हावा. सरकारच्या मर्जीवर नको. पहिल्या चोवीस तासांत नियंत्रण कक्षाचं ध्वनिमुद्रण, वायरलेसच्या नोंदी, ठाण्यांच्या डायऱ्या आणि रस्त्यावरचं चित्रीकरण सीलबंद व्हावं, कारण सर्वांत आधी हरवतं ते हेच. तिघे असावेत: एक दुसऱ्या राज्यातला निवृत्त पोलीस अधिकारी, एक न्यायव्यवस्थेतला, एक पोलिसांशी काही संबंध नसलेला. आढाव्यापुढे जे सांगितलं ते सांगणाऱ्याविरुद्ध खटल्यात वापरता येऊ नये. नाहीतर शिपाई तोंड उघडणार नाही आणि त्यानं का उघडावं? नव्वद दिवसांत मराठीत अहवाल, आणि त्याच दिवशी तो सर्वांसाठी खुला. शिफारस नाकारायचा हक्क सरकारला असू दे, पण का नाकारली ते एकेका शिफारशीपुढे लिहून. या सगळ्याला येणारा खर्च एका दिवसाच्या बंदोबस्तापेक्षा जास्त असेल असं मला वाटत नाही.

आणि त्या तिघांनी पहिली साक्ष आयुक्तांची घेऊ नये. नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायापासून सुरुवात करावी: तुला सकाळी काय सांगितलं होतं, किती तास उभा होतास, जेवला होतास का, हुकूम कुणाचा आला आणि तो तुला नीट ऐकू आला का. आमच्या चाळीतले हवालदार तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं. पुंगळ्या मात्र सगळ्या जमा झाल्या होत्या.